मिंकांची स्थळं

मी अमेरिकेत गेले ती मिंकांची लग्नं जमवायला. हे वाक्य मी आजवर बऱ्याच समारंभांत म्हटलं आहे आणि दर वेळी लोक हसून पुढचं भजं उचलतात. विनोद झाला असं त्यांना वाटतं. पण व्हिसाच्या खिडकीतल्या साहेबालाही मी जवळपास हेच सांगितलं होतं. नागपूरकडची पशुवैद्यक झालेली मुलगी विस्कॉन्सिनमध्ये जाऊन नेमकं काय शिकणार, असं त्याने विचारलं. कोणत्या नराची कोणत्या मादीशी गाठ घातली म्हणजे पुढच्या पिढीची फर जास्त दाट निघते ते शिकणार, असं मी म्हणाले. त्याने मान डोलावली आणि शिक्का मारला. आमच्या गल्लीत मात्र आईने "पोरगी मोठी डॉक्टर होऊन राहिली" एवढंच जाहीर केलं, आणि तेच बरं होतं. मिंक म्हणजे काय हे गल्लीला समजावण्यात माझं पहिलं सेमिस्टर गेलं असतं.

मिंक हा मुंगसासारखा दिसणारा, लांबोडा, चिडका आणि अत्यंत वास मारणारा प्राणी. श्रीमंत बायकांना त्याचा कोट करून घालायचा असतो, म्हणून त्याला पिंजऱ्यात ठेवून लाडाने वाढवतात. आमच्या विद्यापीठापासून तासाभरावर रॉय नावाच्या म्हाताऱ्याचा फार्म होता. लांबच लांब शेड, दोन्ही बाजूंना जाळीचे पिंजरे, आणि जाळीवर थापलेला मासळी-कोंबडीच्या आतड्यांचा लगदा. खाण्याची गाडी फटफटत शेडमध्ये शिरली की शेकडो मिंक एकदम किंचाळत. त्या किंचाळण्यात आणि आमच्याकडच्या पंगतीत वाढपी उशिरा आल्यावर होणाऱ्या कुजबुजीत फरक फक्त आवाजाचा होता. मार्चमध्ये जोड्या लावायच्या, वसंतात पिल्लं मोजायची, आणि नोव्हेंबरात फर पूर्ण आली की एकेकीला दिव्याखाली धरून गुण द्यायचे. अंग किती भरलंय, रंग कसा, वरचे केस एकसारखे आहेत का. मग पाठीवर फुंकर मारून आतली लव किती दाट आहे ते बघायचं. मुलगी बघण्याच्या कार्यक्रमात निदान फुंकर मारत नाहीत.

पण नुसत्या रूपावर भागत नसे. माझ्या कामाचं खरं मर्म पुढेच होतं. प्रत्येक मादीच्या स्वतःच्या गुणांत तिच्या आईचे, बहिणींचे, सावत्र बहिणींचे, आत्या-मावश्यांचे गुण नात्याच्या प्रमाणात मिसळायचे आणि त्यातून एक आकडा काढायचा: हिची पुढची पिढी कशी निघेल. बिचारी स्वतः कितीही देखणी असली तरी मावशीला पिल्लं कमी झाली असतील तर तिचा आकडा उतरायचा. आकडा वर असला की ती मार्चमध्ये बोहल्यावर. खाली असला की डिसेंबरात कोट. स्वभावाचीही परीक्षा होती. जाळीतून एक लाकडी काडी आत सरकवायची आणि बघायचं. काही मिंक काडीवर तुटून पडत, काही मागच्या पेटीत जाऊन दडत, आणि काही पुढे येऊन शांतपणे हुंगत. हुंगणारीला सगळ्यांत जास्त गुण.

आमचे गाइड एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावायचे. निवड करायच्या दोन रीती आहेत. एक बेरजेची: प्रत्येक गुणाला किती महत्त्व द्यायचं ते आधी आकड्यात सांगा आणि सगळं मिळून बघा, म्हणजे एका बाजूची उणीव दुसऱ्या बाजूने भरून निघते. दुसरी चाळणीची: एका गोष्टीत नापास झाली की बाकी कितीही गुणी असो, बाहेर. चाळण सोपी असते, डोकं लागत नाही, म्हणून आळशी लोकांना आवडते आणि तिच्यापायी सोन्यासारखी जनावरं वाया जातात, असं ते म्हणायचे. मी हे वहीत उतरवून घेतलं होतं. माझ्या घराण्याला हा धडा पूर्वीच शिकवून झालेला आहे, हे त्यांना सांगितलं नाही.

पहिले काही महिने मी विद्यार्थ्यांच्या अपार्टमेंटमध्ये राहिले. तिथे आम्ही तिघी जणी सकाळी सीरियल आणि संध्याकाळी सीरियल खात होतो आणि फ्रिजवर भांडी घासण्याच्या पाळ्या लिहीत होतो. मग महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीत मला मंदाकाकू भेटल्या. पुण्याच्या, नवरा अरविंदकाका चीज कारखान्यांची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर, मुलगा अमेय कॅलिफोर्नियाला कॉलेजात गेलेला आणि बेसमेंट रिकामं. माझ्या मनगटाकडे बघून त्यांनी विचारलं, "तू जेवतेस काय गं?" मी खरं सांगितलं. पुढच्या शनिवारी काकांची गाडी माझ्या दाराशी होती. भाडं नाममात्र होतं, आणि त्यात रोजचं रात्रीचं जेवण धरलेलं होतं, ज्याचा उल्लेख दोघांनीही कधी केला नाही.

ते घर मला आजही आवाजांनी आठवतं. खाली झोपलेली असताना वरून काकूंच्या सपातांचा आवाज, भिंतीतून घर तापवणाऱ्या भट्टीची घरघर, पहाटे रस्त्यावरचा बर्फ ओढणाऱ्या गाडीचा खरखराट, मग कुकरची पहिली शिट्टी. स्पीकरवर टाकलेला फोन आणि त्यावर ओरडून बोलणाऱ्या काकू. पुणं लांब आहे, हे त्यांनी घशाने मान्य केलेलं होतं. काका दिवसातून एखादं वाक्य बोलत. जेवणात गोड्या मसाल्याची आमटी, मेतकूट-भात, काकडीची कोशिंबीर, रविवारी थालीपीठ. सगळ्यात गूळ. माझ्या वऱ्हाडी जिभेला ती आमटी म्हणजे थंड पाण्याने अंघोळ केल्यासारखी वाटायची, पण मी वाटी चाटूनपुसून संपवायची. बेसमेंटच्या कोपऱ्यात दह्याच्या रिकाम्या प्लास्टिकच्या डब्यांचा छतापर्यंत मनोरा होता. एकही डबा टाकायचा नाही, हा त्या घरातला पहिला नियम, आणि बाहेर गेलेला डबा परत आलाच पाहिजे हा दुसरा. एका बाईने दोन डबे परत केले नव्हते. तिच्या मुलाच्या मुंजीलाही काकूंनी ती गोष्ट काढली होती. (आता माझ्या घरातही असाच मनोरा आहे. कोणाकडून काय उचलू ते सांगता येत नाही.)

मी फार्मवरून परत यायचे तेव्हा माझ्या अंगाला मासळी, कोंबडीचं काळीज आणि मिंकांच्या दर्पाचं जे मिश्रण चिकटलेलं असे, त्याने बसमध्ये माझ्या शेजारची सीट कायम रिकामी असायची. पूर्ण शाकाहारी घर ते. तरी काकूंनी नाकाला पदर लावला नाही. गॅरेजमध्ये कपडे बदल, हात धू, की ये वर, एवढंच. आणि वर स्टीलचं ताट तयार असे, ज्याच्या काठावर 'चि. अमेयच्या मुंजीनिमित्त' असं कोरलेलं होतं. अमेयला त्या ताटात रस नव्हता, तो कॅलिफोर्नियात बरिटो खात होता. ते माझं ताट झालं. कधी उशीर झाला तर ते दुसऱ्या ताटाने झाकलेलं असे आणि काकू समोर बसून मी पहिला घास घेईपर्यंत उठत नसत. स्पष्टच लिहिते: मला त्या घरात राहायचं होतं. पदवी, कागदपत्रं, भविष्य वगैरे सगळं होतंच, पण त्या हिवाळ्यात मला कशाची भीती वाटत असेल तर ते ताट जाण्याची.

भीतीचं कारण साधं होतं. पहिल्याच दिवशी काकूंनी विचारलं होतं, "वानखडे म्हणजे तिकडचे पाटील ना?" माझ्या तोंडात गरम वरणभात होता. तो गिळून होईपर्यंत त्यांनीच उत्तर दिलं, "असणारच. बोलण्यावरून कळतं." मी दुसऱ्या प्रश्नाची वाट बघत राहिले, पण तो कधी आलाच नाही. माझ्या खोलीतली बुद्धाची मूर्ती त्यांनी पाहिली आणि शोपीस कुठल्या दुकानातून घेतलास म्हणून विचारलं. त्यांच्या बाथरूममध्ये टबाच्या कडेलाही एक होता, गार्डन सेंटरमधून आणलेला, आणि त्याच्या डोक्यावर त्यांची शॉवर कॅप वाळत असे. निळ्या कोटातल्या माणसाचा फोटो मात्र शोपीस म्हणून खपला नसता. तो माझ्या बॅगेतच होता.

काकूंचा खरा धंदा, म्हणजे बिनपैशांचा, स्थळं जमवण्याचा. शिकागोपासून टेक्सासमधल्या अर्विंगपर्यंत कोणाचा मुलगा एच-वनवर आला, कोणाच्या मुलीचं ग्रीन कार्ड झालं, सगळं त्यांच्या डोक्यात. ई-मेलने आलेले बायोडेटा छापून त्या टेबलावर पसरत आणि बोलत: मुलगी देखणी आहे, पण मोठ्या बहिणीचं मोडलंय, उंची कमी, पण मामाकडची माणसं उंच आहेत, एका काकाला वेड लागलं होतं, पण तो लांबचा, त्याचं एवढं धरायला नको. मी पोळी हातात धरून ऐकत राहायची. माझ्या प्रोग्रॅमला रात्रभर लागायचं ते गणित ही बाई भाजी परतता परतता करत होती. नात्याच्या प्रमाणात वजाबाकीसकट. एकदा मी त्यांना ते समजावून सांगितलं. त्यांना राग येईल असं वाटलं होतं, पण त्या खूष झाल्या. आपण जे करतो त्याला अमेरिकेत स्कॉलरशिप मिळते, हे कळल्यापासून त्यांच्या लेखी माझ्या शिक्षणाची किंमत वाढली.

त्यांच्या सगळ्यात जिव्हाळ्याचं स्थळ म्हणजे नचिकेत, पुण्यातल्या शैलाताईंचा, म्हणजे त्यांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. अर्विंगला सॉफ्टवेअरमध्ये होता. थँक्सगिव्हिंगला येऊन गेला तेव्हा त्याने मला अर्विंगजवळच्या फ्रिस्कोमध्ये बुक केलेल्या घराला बाथरूम किती आणि प्रत्येकीत सिंक किती हे सविस्तर सांगितलं होतं. वाईट नव्हता. काडी दाखवली असती तर त्याने तिची वॉरंटी विचारली असती. त्याच्यासाठी सातआठ मुलींचे बायोडेटा जमले होते आणि काकूंचं ठरत नव्हतं. नोव्हेंबरातली आमची निवड संपली, फार्मवरचं काम हलकं झालं, आणि एका शनिवारी दुपारी त्यांनी मला लॅपटॉप घेऊन वर बोलावलं. "तुझं ते मिंकवालं कर ना यांच्यावर," त्या म्हणाल्या.

आता इथे मी नाही म्हणायला हवं होतं असं कोणाला वाटेल. मला तसं वाटलं नाही. मला मजा वाटली. बाहेर बर्फ पडत होता, आत शेंगदाणे भाजल्याचा वास होता, काका कोपऱ्यात इंटरनेटवर पुण्याचा पेपर वाचत होते. मी रकाने पाडले आणि गाइडांच्या आवाजात सांगितलं की प्रत्येक गुणाला दहापैकी किती महत्त्व, ते आधी आकड्यात सांगायचं; नंतर बदलायचं नाही. काकूंनी भराभर सांगितलं. शिक्षण आठ, स्वभाव दहा, रूप सहा ("सात म्हणावंसं वाटतं, पण लोक काय म्हणतील"), घरचं वळण नऊ, स्वयंपाक तीन, कारण शिकवता येतो. व्हिसा सात. मग मी सहज विचारावं तसं विचारलं, जातीला किती.

"आम्ही जात मानत नाही," काकू म्हणाल्या.

मग शून्य लिहू का, असं मी विचारलं. शून्य नको, त्या म्हणाल्या. मग किती? त्यांनी शेंगदाण्याचं साल फुंकून उडवलं. "अगं, त्याला आकडा कशाला? अट नाहीच मुळी. एससी-एसटी सोडून कुठलीही चालेल. आता काळ किती बदललाय."

काकांनी पेपरमधून डोकं वर केलं आणि परत खाली घातलं. मी तो रकाना पुसून टाकला. बरोबरच होतं. चाळणीला आकडा नसतोच.

सगळ्या मुलींचे आकडे निघाले आणि काकूंचं एकीवरही समाधान होईना. मग त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि आणखी एक घाल म्हणाल्या. नाव मागाहून सांगते, असंही म्हणाल्या. उंची बेताची. रंग सावळा, पण चेहरा तरतरीत. शिक्षण चालू आहे, पूर्ण करेलच. वडील पोस्टात, साधी माणसं, वळण चांगलं. स्वयंपाकाला चार, तेही लाडाने. मला तिसऱ्या गुणालाच कळलं होतं. थांबवता आलं असतं, पण मला माझे गुण ऐकायचे होते. आयुष्यभर मी परीक्षा दिल्या, पण असे गुण कधी कोणी दिले नव्हते. स्वभावाला त्यांनी नऊ सांगितले. मी विचारलं, एक का कापला? "उलट बोलते," काकू म्हणाल्या आणि हसल्या. माझे डोळे भरून आले. ते स्क्रीनच्या उजेडाने, असं मी स्वतःला सांगितलं. बेरीज केली. ती मुलगी सगळ्यांच्या वर निघाली.

काकूंनी टेबलावर हात आपटला. त्यांना माहीतच होतं म्हणाल्या, पण मशीनकडून वदवून घ्यायचं होतं. मला नचिकेतशी लग्न करायचं नव्हतं. इतक्या सिंकांचं मी काय केलं असतं? साधं नाही म्हणून मी मोकळी होऊ शकले असते आणि माझं ताटही राहिलं असतं. पण त्या बाईने मला नऊ गुण दिले होते, आणि ते तिने अर्धवट माहितीवर दिलेले राहावेत, हे मला सहन होईना. लागायचे असतील तर ते माझ्या पूर्ण नावाला लागू देत, असं मनात आलं.

"काकू, आम्ही बौद्ध आहोत," मी म्हणाले.

"हो का? छान आहे की. किती शांत धर्म," काकू म्हणाल्या. त्यांनी एकदा विपश्यनाही करून पाहिली होती. आणि मग बोलता बोलता त्यांना कळलं. मी शेकडो मिंकांच्या तोंडासमोर काडी धरली आहे, त्यामुळे ते क्षण मला वाचता येतात. त्या अंगावर आल्या नाहीत. पुढे येऊन हुंगलंही नाही. त्या उठल्या आणि गॅसपाशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. कुकरच्या दोनच शिट्ट्या झाल्या होत्या, तरी त्यांनी गॅस बंद केला. "आधी नाही का सांगायचं गं," त्या कुकरला म्हणाल्या. "म्हणजे आम्हाला काही नाही. तुला माहितीच आहे." त्या दिवशी वरण कच्चं राहिलं. त्या घरात ते पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवसापासून कागदी प्लेट आल्या. काकू चांगल्या संस्कारातल्या होत्या. मला एकटीला कागदी प्लेट देण्याचा हलकेपणा त्यांनी केला नाही. सगळ्यांनाच दिल्या. डिशवॉशर बिघडलाय, असं कारण होतं, जरी त्या घरात डिशवॉशरचा उपयोग आजवर पोळ्यांचं पीठ ठेवायला होत आला होता. काकांच्या प्लेटमधून आमटी गळून त्यांच्या पँटवर सांडली. त्यांनी ती पुसली, बायकोकडे बघितलं, आणि दिवसाचं वाक्य वापरलं नाही. आदल्या आठवड्यापर्यंत मी कोंबडीच्या काळजाचा वास घेऊन त्या टेबलाशी बसत होते आणि मला मुंजीचं ताट मिळत होतं. आता मी दोनदा साबण लावून, कडकडीत धुतलेले कपडे घालून बसत होते. मुंजीचं ताट कुठल्या कपाटात गेलं ते मला दिसलं नाही. काकूंचं बोलणं तेवढंच गोड होतं, किंबहुना जास्त. 'घे ना, अगदी संकोच नको.' संकोच हा शब्द त्या घरात मी तोवर ऐकला नव्हता.

रविवारी सकाळी फोनचा कार्यक्रम असायचा. पुण्यात संध्याकाळ, अर्विंगमध्ये नचिकेत नुकता उठलेला, आणि काकू मध्यभागी स्पीकरवर. मी कपडे धुऊन जिन्याने वर येत होते. शनिवारी बेरीज निघताच, मी बोलायच्या आत, काकूंनी उत्साहाच्या भरात बहिणीला 'मुलगी मिळाली' असा मेसेज टाकला होता, हे मला तिथे जिन्यात उभी असताना समजलं. आता त्यांना ते मागे घ्यायचं होतं. त्या म्हणत होत्या, "अगं, त्या मुलीचं गणितच चुकलं. जनावरांचं गणित ते. माणसांना कसं लागू होणार? मलाच मेलीला हौस."

माझी जात काढली असती तर मी कदाचित खाली निघून गेले असते. त्याची मला सवय होती, आणि सवय हा मोठा आधार असतो. पण काकूंनी माझं गणित काढलं. मी वर गेले, कपड्यांची टोपली टेबलावर ठेवली आणि फोनकडे तोंड करून बोलले. "गणित बरोबर आहे. आकडे काकूंनी दिले, बेरीज मी केली. मी बौद्ध आहे म्हणून नाव काढलंय. तसं सांगा. गणितावर ढकलू नका."

मग अर्विंगहून नचिकेतचा आवाज आला. "ओके... वेट, हे तू एक्सेलमध्ये केलंस का?" त्याचं मन खरंच निर्मळ होतं. मग पुण्याहून शैलाताईंनी विचारलं, "मंदा, कोण बोलतंय गं?"

काकू माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते, आणि माझ्या टोपलीत त्यांचाही टॉवेल होता.

"कोणी नाही गं," त्या म्हणाल्या. "खाली राहते ती."

पुढचं फार शिस्तीत झालं. अमेय सुट्टीत बरेच दिवस राहायला येणार असून त्याला बेसमेंट लागणार आहे, असं मला कळवण्यात आलं. अमेयला ते कोणी कळवलं नसावं, कारण तो आला नाही. मला कोणी जा म्हटलं नाही. मी नवी खोली शोधली तेव्हा काकूंनी पुन्हा पुन्हा विचारलं की तिथे हीटिंग नीट आहे ना. मला वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला तो या गोष्टीचा, की त्यांची ती काळजी खोटी नव्हती. बॅगा काकांनी गाडीत ठेवल्या. दारात काकूंनी माझ्या हातात दह्याचा एक डबा दिला, आत गरम थालीपीठं. "डबा परत नको हं करूस," त्या म्हणाल्या. "टाकून दे."

मी तो डबा गाडीत मांडीवर धरून बसले होते. काका सिग्नलला थांबले, पुढे बघत राहिले आणि म्हणाले, "तीनच शिट्ट्या लागतात वरणाला." मला वाटतं ती माफी होती. इंजिनियर माणूस, त्याला जी भाषा येत होती त्या भाषेत तो बोलला.

मार्च आला. फार्मवर आमचा लग्नाचा हंगाम सुरू झाला. रॉयला माझे आकडे पटायला लागले होते. पेटीत दडणाऱ्या माद्या पुढच्या पिढ्यांत कमी होतील ना, असं त्याने विचारलं. होतील, पण वेळ लागतो, मी म्हणाले. भित्रेपणा निवडीने जातो, फक्त पिढ्या मोजायची तयारी पाहिजे. नव्या खोलीत मी निळ्या कोटातला फोटो भिंतीवर लावला, शेजारी मूर्ती ठेवली, आणि शेगडीवर आयुष्यात पहिल्यांदा सांबारवडी केली. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. आईने फोनवरून सांगितलेलं सारण, भरपूर तिखट, गुळाचा खडाही नाही. काही वड्या फुटल्या, पण बऱ्याच जमल्या. ओट्यावर काकूंचा डबा धुऊन पालथा घातलेला होता. मी तो टाकला नव्हता. आमच्या आईच्या घरातही डबा टाकत नाहीत, आणि आलेला डबा रिकामा परत करत नाहीत. ही रीत पुण्याची, नागपूरची, पाटलांची की आमची, हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं. सगळेच पाळतात.

दुपारी मी डबा भरून त्यांच्या दाराशी गेले आणि बेल वाजवली. दार काकांनी उघडलं. त्यांनी झाकण काढलं, तिथेच उंबऱ्यावर उभं राहून एक वडी खाल्ली. दारातून थंडी आत जात होती तरी दुसरी खाल्ली. तिखटाने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आतून, स्वयंपाकघरातून, काकूंचा आवाज आला, "कोण आहे हो?"

"वैशाली आहे," काका म्हणाले, घसा ताणून, पुण्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "वैशाली वानखडे."

काका डबा घेऊन आत गेले. मी पायपुसण्यावर उभी होते. एक कपाट उघडल्याचा आवाज आला, ताटलीत काही ओतल्याचा, मग बराच वेळ नळाचा, मग स्टीलच्या डब्याचं झाकण. सपाता दोन पावलं दाराच्या दिशेने आल्या आणि थांबल्या. मला वाटलं येतील. त्या आल्या नाहीत. काका बाहेर आले आणि माझ्या हातात धुतलेला डबा दिला, झाकण घट्ट लावलेला, आणि इतका हलका की मला वाटलं रिकामाच आहे.

कोपऱ्यावर जाऊन मी तो उघडला. तळाला चिमूटभर साखर होती. घरात द्यायला काही नसलं, किंवा काही द्यायचं नसलं, तरी डबा रिकामा जाऊ नये म्हणून घालतात तेवढी. त्याहून कमी घालता येत नाही. त्या घरात त्या वेळी डिंकाचे लाडू असणार, चिवडा असणार, हे मला माहीत होतं. आणि टाकून दे म्हटलेला डबा त्यांनी पुन्हा माझ्या हाती दिला होता, हेही मला माहीत होतं. मी हजारो जनावरांना गुण दिले, पुढे त्यावरच पोट भरलं, पण त्या साखरेला किती द्यायचे ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तिथेच बर्फात उभी राहून बोट ओलं करून मी ती सगळी खाल्ली. गोड लागली. साखरच ती, तिला काय कळतंय.